सातासमुद्रापलीकडचा गहू आणि आपल्या घरचा शिधा

मैत्रिणींनो, तुमच्या घरी सत्तरीच्या आसपासच्या कुणी आजी, सासूबाई, आत्याबाई असतील तर त्यांना आज जेवताना सहज विचारून पाहा, ‘मिलो आठवते का?’ बहुतेकींच्या कपाळाला आठी पडेल. आमच्या सासूबाईंच्या पडली. बहात्तरच्या दुष्काळात त्या माहेरी होत्या, बारा-तेरा वर्षांच्या. रेशनच्या दुकानातून लालसर रंगाची ज्वारी यायची, तिला मिलो म्हणायचे. भाकरी थापायला घेतली की कडा फाटायच्या आणि तव्यावरून उतरली की दगडासारखी व्हायची. “पाण्यात बुडवून खाल्ली आम्ही, पण खाल्ली हो. दुसरं होतंच काय?” त्या म्हणाल्या. आणि पुढे त्यांनी जे वाक्य जोडले ते त्या पिढीच्या बहुतेक बायका जोडतात : “अमेरिकेनं घातलं तेव्हा.”

हे वाक्य अर्धे खरे आहे. त्यातले खरे किती आणि ऐकीव किती, हे आज मुद्दाम सांगायचे कारण असे की ज्या सरकारी संस्थेच्या नावाने अमेरिकेची मदत जगभर जात असे, ती संस्था १ जुलै २०२५ रोजी बंद झाली. तिचे नाव यूएसएड. मराठीत म्हणायचे तर अमेरिकेची आंतरराष्ट्रीय विकास संस्था. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत टीव्हीवर हे नाव रोज यायचे. मी शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत राहते आणि अर्धवेळ शिकवते. तेव्हा नववीच्या मुलींनी मला विचारले, “बाई, हे यूएसएड म्हणजे काय? आपल्याला त्याचं काय?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्यासाठी मला बरीच पाने उलटावी लागली, घरी सासूबाईंची उलटतपासणी घ्यावी लागली ती वेगळीच!

सुरुवात गव्हापासूनच करावी लागते. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत गहू इतका पिकू लागला की कोठारे पुरेनात. आमच्या भागात पपईचा भाव पडला की शेजारीपाजारी टोपलीभर पपया आणून देतात, “घ्या हो वहिनी, मुलांना होतील.” देण्यात माया असतेच, पण झाडावर सडण्यापेक्षा कुणाच्या तोंडी लागलेली बरी हाही हिशेब असतो. १९५४ साली अमेरिकेने असाच एक कायदा केला, पब्लिक लॉ ४८०, म्हणजे आपल्याकडे सर्वतोमुखी झालेला ‘पीएल ४८०’. शिलकी धान्य गरजू देशांना द्यायचे आणि त्यांनी त्याची किंमत डॉलरमध्ये न देता स्वतःच्याच चलनात द्यायची. भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. पुढे १९६० च्या मे महिन्यात आपले अन्नमंत्री स. का. पाटील वॉशिंग्टनला गेले आणि चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्याच्या करारावर सही करून आले. मुंबईचे हे मराठी पुढारी. करारावर समोरून सही करणारे होते खुद्द अध्यक्ष आयसेनहॉवर. लगेच पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, अध्यक्ष केनेडी यांनी निरनिराळ्या मदतखात्यांची मोट बांधून यूएसएड ही संस्था उभी केली. रशियाकडे झुकू पाहणारे गरीब देश आपल्या बाजूला राहावेत हा त्यामागचा उघड हेतू होता. तो त्यांनी फारसा लपवलाही नाही.

आता यात आपल्या सासवा-आजेसासवा कुठे येतात? तर रेशनच्या रांगेत. तो अमेरिकन गहू लालसर असे आणि त्याच्या पोळ्या रबरासारख्या होत, असे त्या सगळ्याजणी सांगतात. पण शहरांतल्या चुली त्याच्यावर पेटल्या हेही खरे. १९६५ आणि ६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला तेव्हा तर एका वर्षात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. जहाज बंदराला लागायचे आणि धान्य तसेच तोंडात जायचे, अशी अवस्था. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडायला सांगितले ते याच सुमारास. अनेक घरांत सोमवारची ती सवय पुढे कित्येक वर्षे राहिली. उपास शंकराचा की शास्त्रीजींचा, हे विचारायचे कुणाच्या मनातही आले नाही.

आणि याच वेळी दात्याचा दुसरा चेहरा दिसला. अध्यक्ष जॉन्सन यांनी दोन-चार वर्षांचे करार बंद करून थोडे थोडे धान्य, तेही स्वतः परवानगी देतील तेव्हाच सोडायचे, असे ठरवले. शेतीवर जास्त खर्च करा ही अट होती, आणि व्हिएतनामच्या युद्धावर भारत टीका करतो याचाही राग होता. महिन्याचे वाणसामान भरायचे आणि घरमालक रोज सकाळी दोन मुठी मोजून देतो आहे, तेही आपल्या तोंडाकडे बघून, अशी कल्पना करा. अपमान झाला खराच. पण त्या अपमानातूनच सी. सुब्रह्मण्यम् यांनी १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे मागवले आणि पुढची हरितक्रांती झाली, हे आपण शाळेत शिकलो. अमेरिकेची अट आणि आपली गरज त्या वेळी एकाच दिशेला होती, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

इथे थोडे विषयांतर करते, कारण प्रत्येक गावात हा विषय निघतो. आमच्या शेताच्या बांधावर, शाळेच्या मैदानाच्या कडेला, पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजते. हाताला खाज, अंगाला पुरळ. कुणी काँग्रेस गवत म्हणते. ते अमेरिकेच्या गव्हातून आले, पीएल ४८० ची देणगी, असे आपण सगळ्याच ऐकत आलो. पण तारखा जुळवून पाहिल्या तर गाडी अडते. पुण्यात या गवताची नोंद १९५५ सालची आहे आणि पीएल ४८० चा आपला पहिला करार १९५६ चा! १९५१ साली अमेरिकेने कर्जाऊ गहू पाठवला होता, त्यातून बी आले असेल असे फार तर म्हणता येईल. शिवाय या गवताचे सुकवून जपलेले भारतातले जुने नमुने त्याहून कितीतरी आधीचे सापडले आहेत. थोडक्यात, शेजाऱ्याने दिलेल्या पिठात अळ्या निघाल्या असे म्हणण्याआधी आपला डबा पाहावा!

पण पीएल ४८० ची एक गोष्ट अशी आहे की ती मला फार आवडते आणि फारशी कुणाला ठाऊक नसते. गव्हाचे पैसे आपण रुपयांत देत होतो ना? ते रुपये अमेरिकेला घरी नेता येत नव्हते. ते भारतातच त्यांच्या खात्यावर साठत गेले. बराचसा पैसा त्यांनी आपल्याच सरकारला विकासकामांसाठी कर्जाऊ वा देणगीदाखल दिला. थोडा वकिलातीवर खर्च केला. आणि थोड्या पैशातून, १९६२ पासून, तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने भारतात सगळ्या भाषांत छापली जाणारी पुस्तके आणि नियतकालिके विकत घ्यायला सुरुवात केली. त्यात मराठीही होती. शिकागोसारख्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत तेव्हाची मराठी कादंबरी, कवितासंग्रह, मासिके आजही कपाटात आहेत ती त्यामुळे. म्हणजे आपल्या आजेसासूबाईंनी रबरी पोळ्या लाटल्या आणि त्यांच्या पैशातून मराठी पुस्तके समुद्रापार गेली. गहू कधीच संपला. पुस्तके आहेत.

आता सासूबाईंच्या मिलोकडे वळू. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशाचे युद्ध झाले. अमेरिका पाकिस्तानच्या बाजूने उभी राहिली आणि भारताची मदत तिने रोखून धरली. त्यानंतर वर्षभरातच महाराष्ट्रावर बहात्तरचा दुष्काळ कोसळला. सुकडी, खडी फोडणे, नाला बंडिंग, पाझर तलाव हे शब्द त्याच वर्षांनी घरोघर पोचवले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामावर होती, त्यात बायका मोठ्या संख्येने. पुढे रोजगार हमी योजना झाली, ती या कामांच्याच अनुभवातून. तेव्हा बाहेरून जे धान्य आले ते मुख्यतः आपल्या सरकारने रोख पैसे मोजून विकत आणलेले होते. मी हे सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे फुकटचं नव्हतं? मग इतकं वाईट का आणलं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण मला वाटते, ती पिढी पन्नास वर्षे एक उपकार उगाच डोक्यावर वाहत आली.

हिशेब मिटला तोही नाट्यमय रीतीने. साठलेल्या रुपयांचा डोंगर इतका झाला होता की त्याचे करायचे काय हा दोन्ही सरकारांपुढे पेच होता. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती ठेवला; तेव्हाचा तो जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश मानला गेला. त्या काळात यूएसएडचे भारतातले कामही जवळजवळ थंडावले होते. ते पुन्हा सुरू झाले १९७८ मध्ये, पण पहिली शान त्याला परत आली नाही. धान्याचा पाट आटला आणि तज्ज्ञ, सर्वेक्षणे, आरोग्याचे प्रकल्प असे त्याचे रूप झाले.

जाता जाता दोन खुणा सांगते, त्या आपल्या राज्यातल्याच आहेत. तारापूरचे अणुवीज केंद्र, जे १९६९ मध्ये सुरू झाले, ते यूएसएडच्या कर्जातून उभे राहिले. पुढे १९७४ मध्ये आपण पोखरणला चाचणी केली आणि त्याच तारापूरच्या इंधनावरून अमेरिकेने हात आखडता घेतला. दुसरी खूण राहुरीची. १९६८ साली राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा यूएसएडच्या योजनेतून पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे सल्लागार इथे येऊन राहिले होते. आमच्या भागातले शेतकरी आजही कुठल्या वाणाची चौकशी करायची तर राहुरीचेच नाव घेतात. त्यांना पेनसिल्व्हेनियाचे काही घेणेदेणे नाही, आणि ते बरोबरच आहे.

पुढच्या काळात या संस्थेने आपल्याकडे जे केले त्यातले दोन विषय मात्र बायकांचे आहेत, म्हणून तिथे थोडी थांबते.

पहिला सर्वेक्षणाचा. तुमच्यापैकी एखादीच्या घरी कधी हातात यंत्र घेतलेल्या मुली आल्या असतील. पाणी कुठून आणता, चूल कशावर पेटते, मुलाला किती महिने पाजले, बाळंतपण कुठे झाले, असे विचारत बसल्या असतील आणि बोटातून रक्ताचा थेंबही घेतला असेल. हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पहिले १९९२-९३ मध्ये झाले. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था आहे, तिने ते चालवले आणि पहिल्या फेऱ्यांचा मोठा खर्च यूएसएडने उचलला. पुढे इतर दाते आणि आपले सरकारही त्यात आले. १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत पहिल्यांदा बायकांच्या रक्तातले हिमोग्लोबिन मोजले, आणि पहिल्यांदाच त्यांना विचारले की घरात मारहाण होते का. हा प्रश्न त्याआधी देशात इतक्या घरांत कुणी विचारला होता? नवऱ्याने, सासूने, पोलिसाने? २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वजनाने कमी निघाली. वाचायला बरे वाटत नाही. पण जे मोजले जात नाही त्यासाठी कुणाकडे पैसे मागता येत नाहीत, हे घरखर्चाची वही लिहिणारी कोणतीही बाई जाणते.

दुसरा विषय सांगलीचा. एड्सची साथ जोरात होती तेव्हा महाराष्ट्रात यूएसएडच्या पैशावर ‘अवर्ट’ नावाचा मोठा प्रकल्प चालू होता. सांगलीच्या ‘संग्राम’ या संस्थेने वेश्यावस्तीतल्या बायकांनाच बरोबर घेऊन काम उभे केले होते. त्यांच्यातल्याच बायका एकमेकींना सांगत, निरोध वाटत, आजारी पडलेलीला दवाखान्यात नेत. २००३ मध्ये अमेरिकेने एक कायदा केला : आमचे पैसे हवे असतील तर वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे अशा प्रतिज्ञेवर सही करा. ऐकायला काय वाईट आहे, असे तुम्हाला वाटेल. मलाही आधी वाटले. पण ज्या बायकांच्या खांद्याला खांदा लावून काम करायचे त्यांच्याच विरुद्ध आधी कागद लिहून द्यायचा आणि मग त्यांच्या दारात जायचे, हे कसे जमावे? ‘संग्राम’ने सही केली नाही आणि २००५ मध्ये ते पैसे परत केले. पैसे परत करणे म्हणजे काय असते, हे महिन्याच्या पंचवीस तारखेला आपल्याला चांगले कळते. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो. काम बंद पडले नाही, हेही सांगायला हवे.

तर अशी ही संस्था. स्वार्थ होता, अटी होत्या, कधी उद्धटपणाही होता. आणि औषधे, लसी, धान्य, मच्छरदाण्याही होत्या. ती गेली कशी, ते मात्र ऐकण्यासारखे आहे.

२० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले. त्याच दिवशी त्यांनी परदेशी मदत ९० दिवस गोठवण्याचा हुकूम काढला. चार दिवसांत जगभरच्या प्रकल्पांना ‘काम थांबवा’ अशी पत्रे गेली. माझी एक मैत्रीण, तिचे नाव लिहीत नाही, एका शहरात क्षयरोगाच्या प्रकल्पात समुपदेशक होती. रुग्णाला सहा महिने गोळ्या चालू ठेवायला लावणे हे तिचे काम. मध्येच सोडल्या तर क्षय उलटतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीनंतर ती कामावर गेली तर कळले की उद्यापासून यायचे नाही. गोळ्या सरकारी होत्या, त्या मिळत राहिल्या. “पण माझ्या यादीतल्या माणसांना मी फोनसुद्धा करायचा नाही म्हणे,” ती सांगत होती. तिने केला. स्वतःच्या रिचार्जवर.

वॉशिंग्टनमध्येही बायकापुरुषांचे तेच झाले. फेब्रुवारीत संस्थेच्या इमारतीवरचे नाव उतरवले गेले. वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांना टेबलाचा खण रिकामा करायला १५ मिनिटे दिली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी जाहीर केले की ८३ टक्के कार्यक्रम रद्द. १ जुलैला उरलेसुरले परराष्ट्र खात्यात गेले. ज्या संस्थेचा खर्च अमेरिकी सरकारच्या एकूण खर्चाच्या शंभरातल्या एका भागापेक्षाही कमी होता, तिच्यासाठी हा एवढा आटापिटा.

आपल्याकडे त्याच सुमारास २ कोटी १० लाख डॉलरचा गवगवा झाला. भारतात मतदान वाढवायला अमेरिकेने इतके पैसे दिले, असे त्यांच्याच लोकांनी म्हटले आणि आपल्या टीव्हीवर आठवडाभर भांडणे चालली. पुढे वृत्तपत्रांनी कागद तपासले तर ती रक्कम बांगलादेशाच्या कार्यक्रमाची निघाली. आपल्या अर्थखात्याच्या अहवालात २०२३-२४ मध्ये यूएसएडचे सात प्रकल्प नोंदलेले आहेत, सगळ्यांची मिळून किंमत सुमारे ७५ कोटी डॉलर. शेती, पाणी, वीज, आरोग्य असले विषय. मतदानाचा एकही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले पहिले पुढे गेले, दुसरे कुणी पाठवलेच नाही, हे सांगायला नकोच.

खरे नुकसान झाले ते ज्यांच्यासाठी कुणी टीव्हीवर भांडत नाही त्यांचे. तृतीयपंथीयांसाठी हैदराबाद, कल्याण आणि पुण्याला ‘मित्र’ नावाचे दवाखाने चालत, ते बंद पडले. भारताबाहेर तर विचारूच नका. मला झोप लागू दिली नाही ती बिस्किटांच्या बातमीने. अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या उपाशी मुलांसाठी घेतलेली, शक्ती देणारी जवळजवळ ५०० टन बिस्किटे दुबईच्या गोदामात पडून होती. वाटायची परवानगी द्यायला खुर्चीवर कुणी राहिले नव्हते. जुलै २०२५ मध्ये त्यांची मुदत संपली आणि ती जाळून टाकण्याचा निर्णय झाला. जाळायलाही वर पैसे! पंधरा लाख मुलांना आठवडाभर पुरली असती. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो, भाताचे सांडगे घालतो. कुठल्या घरात हे चालले असते सांगा?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्या वर्षी संशोधकांनी अंदाज मांडला की ही मदत अशीच बंद राहिली तर २०३० पर्यंत १ कोटी ४० लाख माणसे जास्तीची मरतील, त्यात ४५ लाख पाच वर्षांखालची मुले. अंदाजच तो, चुकावा अशी आपण इच्छा करू. पण पाव भाग जरी खरा ठरला तरी?

“मग आपल्या पोरांचं काय?” हा नववीतल्या त्या मुलींचा प्रश्न उरतो. तर आपल्या मुलांच्या ताटात आज अमेरिकेचे काही नाही. आणि ते एका रात्रीत झालेले नाही, हेच मला महत्त्वाचे वाटते. एके काळी अनेक राज्यांत शाळेच्या आणि अंगणवाडीच्या खाऊसाठी ‘केअर’सारख्या संस्थांमार्फत अमेरिकेचे सोयामिश्रित पीठ आणि तेलाचे डबे येत. ते वर्षावर्षाने कमी करत नेले आणि त्याची जागा आपल्या धान्याने घेतली. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला सांगितले की सरकारी शाळेत शिजवलेले अन्न मिळालेच पाहिजे. आपल्याकडे आदिवासी भागातल्या गरोदर आणि बाळंतिणींना २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचे गरम जेवण आहे. दात्याने सांगून-सवरून हात काढला आणि घेणाऱ्याने तयारी केली, तर भांडे रिकामे राहत नाही. २०२५ मध्ये जगात कितीतरी देशांना ती उसंतच मिळाली नाही.

आपले सगळे ठीक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ब्राह्मणपुरी सपाटीवरची, ऊस, केळी, पपईची. आमच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे आणि धडगाव-अक्कलकुव्याची पाडे-वस्त्यांची माणसे दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला जातात. पोरे बरोबर जातात. अंगणवाडी जागेवर राहते, मूल जागेवर राहत नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला महिन्याला अडीच हजार रुपये मानधन, तेही कधी वेळेवर तर कधी नाही. हे पैसे आता आपले आहेत, जाब विचारायचा तर वॉशिंग्टनला नाही, जवळच विचारायचा आहे. इतकीच काय ती सोय झाली.

तुम्ही शहरात, तालुक्याच्या गावी राहत असाल. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईचे, शेजारी चालू असलेल्या बांधकामावरच्या मजूर बाईचे लेकरू रोज दिसत असेल. शिवणाच्या पेटीतली टेप घ्या. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मध्यावरचा घेर मोजा, टेप आवळायची नाही आणि सैलही सोडायची नाही. साडेबारा सेंटिमीटरच्या आत आला तर मूल कुपोषित आहे. साडेअकराच्या आत आला तर थांबायचे नाही, किंवा दोन्ही पायांच्या पाठीवर बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल तरीही नाही. त्याच दिवशी अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना सांगा. कुणी नवीन आलेले, गावचे नसलेले मूल असले तरी अंगणवाडीने त्याला घ्यायचे असते. जिल्हा रुग्णालयांत पोषण पुनर्वसन केंद्र असते. तिथे मुलाला आईसह सुमारे चौदा दिवस ठेवून घेतात, खाणे आणि औषध फुकट, आणि आईची त्या दिवसांची मजुरी बुडते म्हणून तिला रोजचा भत्ताही मिळतो. पुष्कळ आया मजुरीच्या भीतीनेच जात नाहीत, म्हणून हा भत्त्याचा भाग तिला आधी सांगा.